सुधारलेला माणूस सोडू नये

शासनाचं धोरण स्वच्छ होतं. तिरस्कार गुन्ह्याचा करावा, गुन्हेगाराचा नाही. या धोरणाला अनुसरून, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, वाशीच्या पुढं हिंगणटाकळीच्या माळावर कैद्यांची खुली सुधार-वसाहत उघडण्यात आली. तिला भिंत नव्हती, बुरूज नव्हता. चाळीसेक कैदी पत्र्याच्या शेडात राहत, दिवसा पाझर तलावाची माती उपसत आणि संध्याकाळी रांगेत बसून प्रार्थना म्हणत. भोवताली बोराटीच्या काट्यांचं कुंपण होतं, पण ते कैद्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून नव्हतं, गावानं आत येऊ नये म्हणून होतं. आत दोन वेळची भाकरी मिळत असे.

वसाहतीचे तुरुंगाधिकारी महारुद्रराव. त्यांची बायको विजयमाला ही समाजशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. कॉलेजात असताना 'शिक्षा की सुधारणा?' या विषयावर ती सुधारणेच्या बाजूनं बोलली होती आणि ढाल घेऊन आली होती. 'गुन्हेगार म्हणजे समाजाचं आजारी लेकरू आहे,' या तिच्या वाक्याला टाळ्या थांबत नव्हत्या. ती ढाल आता क्वार्टरच्या भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्याखाली पाच महिन्यांची मंजिरी झोपत असे, म्हणजे झोपावी अशी अपेक्षा होती.

समाजाची चाळीस आजारी लेकरं खिडकीबाहेर फिरताहेत आणि आपलं एकुलतं धडधाकट लेकरू आत आहे, हे लक्षात आल्यापासून विजयमाला भरदिवसा कडी लावून बसू लागली. विळी तिनं पलंगाखाली ठेवली.

"अहो, यातले खुनी किती?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"निम्मे तरी असतील. घाबरू नकोस, खुनी आहेत हे नशीब समज." महारुद्ररावांनी चहाची बशी तोंडाला लावली. "खुनी माणूस आयुष्यात एकदा चुकतो. चोर रोज चुकतो. आमच्या खात्यात जुने लोक सांगतात, घरकामाला खुनी चालेल, चोर नको."

विजयमालेला हे तर्कशास्त्र पटलं नाही. तरी तिनं पाटल्या काढून ट्रंकेत ठेवल्या.

मूल सांभाळायला गावातली कडूबाई येत असे. पण तलावावर सरकारनं मजुरांना खायला सुकडी वाटायला सुरुवात केली आणि कडूबाईनं राजीनामा दिला. तो तिनं उभ्या उभ्या, पदर खोचत दिला.

"बाईसाब, तुमची लेक सोन्यावाणी हाय. पर सोनं चावता येत न्हाय. तळ्यावर सुकडी मिळतीया. म्या चालले."

त्या दुपारी पत्रा तापला आणि मंजिरीनं जो टाहो फोडला तो थांबेना. जायफळ उगाळून झालं, वेखंड लावून झालं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी क्वार्टरमध्ये पाणी भरणारा उंच, करड्या मिशांचा कैदी घागर खाली ठेवून दारातच थांबला.

"बाईसाब, द्या हिकडं. आतडं पिळवटतंय ऐकून."

विजयमाला 'नको' म्हणणार होती. पण पाच महिने धड न झोपलेल्या बाईच्या तोंडून 'नको' निघायला वेळ लागतो. तेवढ्यात त्यानं अंगणातल्या लिंबाच्या फांदीला धोतराची झोळी बांधली, पोरीला आत निजवली आणि जाड्या आवाजात गुणगुणायला लागला, "नीज गं कस्तुरे, नीज गं माजे बाये..." मंजिरी गप्प झाली. अख्खा माळ गप्प झाल्यासारखं वाटलं.

त्याचं नाव लिंबाजी. उमरग्याकडचा. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला, म्हणून जन्मठेप. पहिल्या दिवशी विजयमाला हातात विळी घेऊन सगळी दुपार खिडकीशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी बसली. तिसऱ्या दिवशी तिथंच तिचा डोळा लागला. आठवड्यानं विळी पुन्हा भाजी चिरायला गेली. 'कस्तुरे' हा तिनं लाडाचा शब्द समजून सोडून दिला. खेड्यातली माणसं लेकरांना काहीबाही म्हणतात.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघाड झाला तो पाहणीमुळं.

दुष्काळी कामं बघायला एक बडे साहेब आले. तलाव बघून त्यांना काही वाटलं नाही, कारण तसे तलाव त्यांनी सकाळपासून पुष्कळ पाहिले होते. पण परतताना त्यांची नजर लिंबाखाली गेली.

"हा कोण?"

"जन्मठेप, साहेब. खून."

"आणि ते मूल?"

"माझंच, साहेब," महारुद्रराव खाली मान घालून म्हणाले. त्यांना वाटलं, आता नोकरी जाते.

साहेबांचे डोळे पाणावले. बरोबर फोटोग्राफर होता. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. लिंबाजी, झोळी, आणि झोळीतून बाहेर आलेला मंजिरीचा एक पाय. खाली ओळ होती, 'दगडाला पाझर फुटतो तेव्हा'. पाझर तलावाला मात्र अजून पाझर फुटला नव्हता.

मग रीघ लागली. शिक्षकांच्या सहली आल्या, समाजसेविका आल्या, पुण्याहून संशोधक आले. पाहुणे आले म्हणजे त्यांना पाणी पाजायला हवं. म्हणून वसाहतीला रोजचा टँकर मंजूर झाला. हा टँकर आधी तात्यारावांच्या मोसंबीच्या बागेशी थांबे, मग वसाहतीत येई आणि उरलेलं पाणी गावाच्या आडात सोडलं जाई. तात्याराव हे सोसायटीचे चेअरमन, दूध संघाचे संचालक आणि नियोजित सहकारी साखर कारखान्याचे मुख्य प्रवर्तक. ज्या भागात चहाला पाणी नव्हतं, तिथं साखरेची सोय ते करून ठेवत होते. शिवाय वसाहतीच्या सल्लागार मंडळावर समाजाचे प्रतिनिधी म्हणून त्यांचीच नेमणूक होती. कोणता कैदी सुधारला आणि कोणाला सोडायचं, हे मंडळच ठरवी.

मंडळावर एक सुशिक्षित महिला समाजसेविका असावी, असा नियम होता. दहा कोसांत चौकशी झाली. अशी महिला एकच निघाली, आणि ती क्वार्टरमध्येच राहत होती. विजयमालेची नेमणूक झाली. नेमणूक कळली तेव्हा ती ढालीवरची धूळ पुसत होती.

मंडळासमोर पहिलं प्रकरण आलं ते बब्रुवानचं. बब्रुवान यात्रांमधून खिसे कापायचा. वसाहतीत त्यानं डाळीबद्दल तक्रारी केल्या, प्रार्थनेत लावणीची चाल लावली, कुंपणाचे काटे सरपण म्हणून गावाला विकले, आणि महारुद्ररावांचे बूट दोनदा हरवले. मंडळानं त्याच्यावर फार वेळ घेतला नाही. 'वर्तनात आमूलाग्र सुधारणा. तात्काळ मुक्तता.'

"अहो, तो सुधारला कुठं?" विजयमालेनं घरी आल्यावर विचारलं.

"तो सुधारेपर्यंत आम्ही टिकलो नसतो," महारुद्रराव म्हणाले.

जाताना बब्रुवाननं वाकून तात्यारावांच्या पाया पडून घेतलं. तात्यारावांना खिशात पेन नसल्याचं संध्याकाळी कळलं. लिंबाजी झोळीला झोका देत होता, त्याच्याजवळ बब्रुवान घटकाभर टेकला.

"लिंबाजीदादा, किती वर्सं झाली?"

"चौदा भरतील."

"भरतील, आन् वर सांडतील. आरं येड्या, तुज्यावाणी माणूस कोण सोडतंय? चांगला बैल बाजारात कुणी नेतो का? माजं ऐक. जरा शिंग दाव."

लिंबाजी नुसता हसला. त्याला शिंगं दाखवायची नव्हती, त्याला घरी जायचं होतं. वैशाखात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. विजयमालेला त्यानं अंगणातूनच, मंजिरीला खांद्यावर थोपटत सांगितलं.

"बाईसाब, पाळण्यात टाकून आलो व्हतो तिला. हिच्यायेवढीच व्हती. तुमी मंडळात हायसा. येक शबुद टाका. सुटका न्हाय जमली तर निस्तं अक्षता टाकायपुरतं तरी सोडा."

"टाकीन, लिंबाजी. नक्की टाकीन," विजयमाला म्हणाली, आणि ती मनापासून बोलली होती. पुढच्या बैठकीत बोलायचं वाक्यसुद्धा तिनं ढाल मिळवलेल्या दिवसांसारखं घोकून ठेवलं. 'ज्या हातांनी परक्याचं मूल सांभाळलं, त्या हातांना स्वतःच्या मुलीवर अक्षता टाकण्याचा अधिकार नाही काय?' वाक्य चांगलं होतं. 'काय'वर आवाज चढवायचा होता.

लिंबाजी सुटणार ही बातमी गावात गेली आणि गाव हादरलं. दुसऱ्या दिवशी बायकांचा घोळका घागरी घेऊन कुंपणाशी आला. पुढं कडूबाई.

"सायेब, लिंबाजीदादाला सोडू नगा."

महारुद्रराव चमकले. "का? काही त्रास दिला त्यानं?"

"तरास? आवो, देवमाणूस हाय त्यो!"

"मग?"

"देवमाणूस हाय म्हनूनच तर म्हनतोय! त्यो गेला की फोटूवाले येत न्हाईत. फोटूवाले न्हाईत तर टँकर न्हाय. टँकर न्हाय तर आमी काय त्येच्या चांगुलपनावर डाळ शिजवावी व्हय?"

तात्यारावांनीही तेच मत, जरा अधिक सहकारी भाषेत, खासगीत कळवलं होतं. उमरग्याहून लिंबाजीचा भाऊ श्रीपती भेटायला आला, तर तोही म्हणाला, "दादाची घाई न्हाय. लगीन आमी उरकतो. इथं बरा हाय त्यो. पोटाला हाय." लिंबाजीच्या वाट्याचं रान चौदा वर्षं श्रीपतीच कसत होता.

भाऊ गेला त्या दुपारी लिंबाजीनं शिंग दाखवायचं ठरवलं.

मंजिरीला दात येत होते. तिनं सूर लावला, तरी लिंबाजी उठला नाही. लिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून तो बसून राहिला. विजयमाला दारात आली.

"लिंबाजी, अरे, रडतेय ती."

"रडू द्या. म्या कैदी हाय, दाई न्हाय." एवढं बोलून त्याला कमी वाटलं असावं. त्यानं जवळची रिकामी घागर उचलली आणि ती आपटावी की नाही याचा विचार करत शेवटी हलकेच लवंडली. मग एक शिवी दिली. ती कुणाला दिली हे त्यालाही कळलं नाही. मंजिरी आता निळी पडेपर्यंत रडत होती. लिंबाजीचे खांदे दोनदा हलले. मग तो उठला, पोरीला उचलली आणि तिचं तोंड खांद्यात घेऊन पुटपुटला, "चुकलं गं कस्तुरे, चुकलं. न्हाय करत परत."

सगळं मिळून पाच मिनिटांचं बंड. पण वाईट माणसाचं वाईट वागणं कुणाच्या नजरेत भरत नाही, चांगल्याचं लगेच नोंदलं जातं. अहवालात तीन शब्द गेले, 'जुन्या प्रवृत्तीची उसळी'.

मंडळ चैत्रात बसलं. अध्यक्षसाहेब जिल्ह्याहून आले होते. टेबलावर टँकरचं गार पाणी होतं आणि तात्यारावांकडची मोसंबी सोलून ठेवली होती. समोर लिंबाजी हात जोडून उभा. मंजिरीला बाहेर एका शिपायाच्या हाती दिलं होतं.

"अर्ज कशासाठी?" अध्यक्षांनी विचारलं.

"लेकीचं लगीन हाय जी. वैशाखात."

"लग्नात भावना अनावर होतात. तुझा पहिला गुन्हा भावना अनावर होऊनच झाला ना?"

"व्हय जी."

"बघा," अध्यक्ष तात्यारावांना म्हणाले, "स्वतःच कबूल करतो. प्रामाणिक आहे." आणि पुन्हा लिंबाजीकडं वळून, "मुलीचं नाव?"

"कस्तुरा."

विजयमालेच्या हातातली मोसंबीची फोड हातातच राहिली. खिडकीतून लिंबाची फांदी दिसत होती. झोळी रिकामी लोंबत होती. चौदा वर्षं आधीची एक पोर इतके महिने तिच्या अंगणात झोके घेत होती, आणि खिडकीत उभं राहून तिनं पाहिलं होतं ते फक्त खुन्याकडं. आता बोलायला हवं. वाक्य पाठ होतं. तिनं घसा खाकरला.

नेमकी त्याच वेळी बाहेर मंजिरी रडायला लागली. शिपाई शिट्टी वाजवून बघत होता, त्यानं ती जास्तच चवताळली. अध्यक्षांनी दोनदा कपाळाला हात लावला. तात्यारावांनी खिडकी लावून पाहिली. कुणालाच कुणाचं ऐकू येईना.

"अरे, त्या मुलीला कुणीतरी गप्प करा!" अध्यक्ष ओरडले. मग त्यांची नजर लिंबाजीवर पडली. "तू! तूच ना तो फोटोतला? जा, आधी तिला बघ. इथं काही तुझं काम नाही."

इथं त्याच्याच सुटकेचा विचार चालला होता. लिंबाजी एकदा टेबलाकडं आणि एकदा दाराकडं बघून बाहेर गेला. थोड्या वेळात रडणं थांबलं. 'नीज गं कस्तुरे' ऐकू यायला लागलं, आणि खोलीत इतकी शांतता पसरली की पाण्याच्या पेल्यावर बसलेली माशीही ऐकू यावी.

त्या शांततेत विजयमालेला समोरचा वैशाख दिसला. मग ज्येष्ठ. तापलेला पत्रा, चार दात आणखी यायचे, अंगणात रिकामी फांदी. पाठ केलेलं वाक्य आठवेना. नाही, आठवत होतं, फक्त 'काय'वर आवाज चढत नव्हता.

"बाई, तुमचं मत?" अध्यक्ष म्हणाले. "तात्यारावांना वाटतं, सुधारणा अपुरी आहे. मलाही ती उसळी खटकते."

"माझं मत वेगळं आहे," विजयमाला म्हणाली. तात्यारावांची मान वर झाली. "लिंबाजी पूर्ण सुधारला आहे. उसळीबिसळी काही नाही."

"म्हणजे सोडावं?"

"तो सुधारला आहे," विजयमाला सावकाश म्हणाली, "पण बाहेरचा समाज सुधारलेला नाही. तेच भाऊबंद, तोच बांध. इतक्या कष्टानं सुधारलेला माणूस न सुधारलेल्या समाजात सोडणं, हा त्याच्यावर अन्याय होईल."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही खात्यात हव्या होतात." ठराव एकमतानं झाला. समाज सुधारल्याचं समाधानकारकरीत्या दिसून येताच लिंबाजीला मुक्त करावं. समाजाला तसं कळवण्याची जबाबदारी तात्यारावांवर टाकण्यात आली.

वैशाखात, कस्तुराच्या लग्नाच्याच तिथीला, मंजिरीचं जावळ निघालं. महारुद्ररावांचं कुलदैवत सोनारीचा काळभैरव. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, ही रीत. विजयमालेला भाऊ नव्हता, आणि लिंबाजीखेरीज कुणाच्या मांडीवर मंजिरी बसत नव्हती. अक्षतांसाठी जी रजा मंजूर होणं अशक्य होतं, ती सोनारीसाठी मागावीच लागली नाही. लिंबाजीला 'शासकीय कामानिमित्त' जीपमधून नेण्यात आलं. देवळासमोर, माकडांच्या गर्दीत, न्हाव्यानं वस्तरा लावला. लिंबाजीनं पोरीचं डोकं तळहातात घट्ट धरलं होतं. पहिली बट पडली तेव्हा त्यानं सूर्याकडं बघितलं. बहुधा मुहूर्ताची वेळ झाली असावी. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळून मंजिरीच्या बोडक्या टाळूवर पडलं.

"पाहिलंत?" महारुद्रराव बरोबरच्या पाहुण्यांना हळूच म्हणाले. "याला म्हणतात सुधारणा."

विजयमाला जावळ झेलायला चोळखण धरून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

पुढं उमरग्याच्या महिला मंडळानं तिला भाषणाला बोलावलं. विषय होता 'गुन्हेगाराला दुसरी संधी'. मंजिरीला घरी ठेवून कसं जमणार, म्हणून ती बरोबर, आणि मंजिरी बरोबर म्हणून लिंबाजी, आणि लिंबाजी बरोबर म्हणून एक शिपाई. जीपमधून उतरताना लिंबाजी म्हणाला, "बाईसाब, माजी लेक हितंच दिली हाय. बसस्टँडामागं. लांबनं बगून येऊ का?"

"भाषण झालं की बघू हं," विजयमाला म्हणाली.

भाषण अप्रतिम झालं. तिनं माणसाच्या मनातल्या चांगुलपणाबद्दल सांगितलं, खिडकी आणि विळीचा किस्सा सांगितला, सोनारीचे अश्रू सांगितले. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे टिपले. टाळ्या ढालीच्या वेळेपेक्षा जास्त पडल्या. बाहेर व्हरांड्यात लिंबाजी मंजिरीला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. जिन्याच्या तोंडाशी तो प्रत्येक वेळी थांबे, बसस्टँडच्या बाजूला बघे आणि परत फिरे.

मग प्रश्नोत्तरं झाली. प्रश्न पुष्कळ आले. तो जेवायला वेगळं मागतो का? जातीचा कोण? रात्री कुठं निजतो? अडीअडचणीला स्वयंपाक जमतो का? शेवटी डॉक्टरीणबाई पुढं आल्या आणि विजयमालेचा हात हातात घेऊन अगदी घरच्यासारखं बोलल्या,

"ताई, मनाला फार लागलं हो तुमचं बोलणं. असा एखादा आमच्याकडं मिळेल का? धाकटा अगदी झोपू देत नाही. खुनी असला तरी चालेल, चोर मात्र नको."

मागून आणखी दोघी-तिघी सरकल्या. "आमचंही नाव घ्या."

"मिळतील," विजयमाला म्हणाली. तिचं एक लक्ष व्हरांड्याकडं होतं. मंजिरीच्या दुधाची वेळ झाली होती, दिवेलागणीच्या आत पोचायचं होतं, बसस्टँडामागं जायला आता सवड नव्हती. "पण जरा वाट बघावी लागेल. कच्चे असतात ते आम्ही सोडतो. पुरता सुधारलेला सहसा सोडत नाही."

का सोडत नाहीत, असं कुणी विचारलं नाही. सगळ्या जणींनी समजूतदारपणे माना हलवल्या. घरात लहान मूल असेल, तर तुम्हीही विचारणार नाही.